ट्रकचा ऑइल फिल्टर निवडताना : आटे बसले म्हणजे फिल्टर जुळला का?



डिझेल मेकॅनिकच्या वर्गात दरवर्षी एक प्रश्न हमखास येतो. "सर, आटे बसले म्हणजे फिल्टर बसला ना?" यंदा हा प्रश्न विचारणारा मुलगा पिशवीत दोन फिल्टर घेऊनच आला होता. एक जुना, एक नवा. नवा फिल्टर फक्त तीन खेपा चालला होता.

झालं असं. त्याच्या वडिलांचा छोटा ट्रक आहे, रोज पहाटे भाजीपाला मार्केटला नेतात. रविवारी घरीच ऑइल बदललं. फिल्टर आणताना दुकानात गाडीचं नाव सांगितलं, दुकानदाराने फळीवरचा एक डबा काढून दिला. फिरवताना जरा सैल वाटला, पण शेवटी घट्ट झाला. तीन खेपा नीट गेल्या. चौथ्या दिवशी पहाटे गारठा होता. गाडी सुरू करून चार-पाच किलोमीटर जाते न जाते तोच ऑइलचा लाल दिवा लागला. वडिलांनी त्याच क्षणी गाडी कडेला घेतली आणि बंद केली. खाली वाकून बघतात तर फिल्टरच्या कडेने ऑइल वाहून सगळा ॲक्सल माखलेला!

ते लगेच थांबले म्हणून इंजिन वाचलं. "मार्केट जवळच आहे, तेवढं पोचू" असा विचार केला असता तर क्रँकची बेअरिंग गेली असती. गाडीच्या कर्जाचे अजून दोन वर्षांचे हप्ते बाकी आहेत. काहीशे रुपयांच्या डब्यापायी घराचं उत्पन्न थांबलं असतं.

म्हणून आज आपण हाच विषय सविस्तर बघू. ट्रकसाठी बदली ऑइल फिल्टर निवडायचा कसा? तुम्ही आयटीआयचे विद्यार्थी असा, घरी गाडी असो किंवा गॅरेजला नुकते लागलेले असा, हा धडा सगळ्यांच्या उपयोगाचा आहे.

फिल्टर नेमकं काय करतो?

आधी ऑइलचा रस्ता समजून घ्या. इंजिनाच्या तळाशी चेंबर असतं, त्यात ऑइल साठतं. पंप ते जाळीतून खेचून घेतो आणि दाबाने पुढे ढकलतो. हे ऑइल फिल्टरमधून गाळून मुख्य नळीत, म्हणजे गॅलरीत जातं. तिथून क्रँकची बेअरिंग, कनेक्टिंग रॉडची बेअरिंग, कॅमशाफ्ट, रॉकर आणि टर्बो यांना पोचतं. काम झालं की परत खाली चेंबरमध्ये गळतं.

क्रँक आणि बेअरिंग हे दोन धातू चालू इंजिनात एकमेकांना टेकत नाहीत. मध्ये ऑइलचा अगदी पातळ थर असतो आणि त्यावर क्रँक तरंगत असतो. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. हा थर त्याहून कितीतरी पातळ, काही मायक्रॉनचा असतो. त्यामुळे डोळ्यांना न दिसणारा धुळीचा कणसुद्धा त्या फटीत शिरला तर कानशीसारखं काम करतो. तो कण तिथवर जाऊ न देणं हे फिल्टरचं काम.

फिल्टरच्या तोंडाकडे नीट बघा. कडेला गोलाकार छोटी छिद्रं आहेत आणि मध्ये एक मोठं, आट्यांचं छिद्र आहे. घाण ऑइल कडेच्या छिद्रांतून आत येतं, घड्या घातलेल्या कागदातून गाळलं जातं आणि मधल्या छिद्रातून स्वच्छ होऊन बाहेर पडतं. एवढं चित्र डोक्यात पक्कं ठेवा, पुढे लागणार आहे.

इथे एक गैरसमज दूर करू. "ऑइल काळं झालं म्हणजे फिल्टर खराब" असं अनेक जण म्हणतात. डिझेल इंजिनात ज्वलनातून काजळी तयार होते. तिचे कण बहुधा एका मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. ऑइलमधली रसायनं त्यांना एकत्र न येऊ देता तरंगत ठेवतात आणि ते फिल्टरमधून सहज निघून जातात. म्हणून नवीन ऑइल टाकून थोडी गाडी चालली तरी ते काळं दिसतं. रंगावरून फिल्टरची परीक्षा होत नाही.

पहिली पायरी : गाडीचं नाव नाही, इंजिनाची ओळख

दुकानात जाऊन "सोळा-तेराचा फिल्टर द्या" म्हणणं ही पहिली चूक. का ते बघा.

टाटाच्या १६१३ या नावातले पहिले दोन आकडे साधारण एकूण वजनाचे, म्हणजे १६ टन. पुढचे दोन आकडे ताकदीचे, १३ म्हणजे साधारण १३० अश्वशक्ती. या नावात इंजिन कुठलं हे कुठेच सांगितलेलं नाही! आणि याच नावाच्या गाड्या दोन वेगळ्या इंजिनांसह रस्त्यावर आल्या आहेत. एक टाटाचं स्वतःचं ६९७ आणि दुसरं कमिन्सचं ५.९ लिटर.

६९७ या आकड्यातही गंमत आहे. ६ म्हणजे सहा सिलिंडर आणि ९७ म्हणजे ९७ मिलिमीटरचा बोअर. त्याचा स्ट्रोक १२८ मिमी. कमिन्सच्या ५.९ लिटरचा बोअर १०२ मिमी आणि स्ट्रोक १२० मिमी. म्हणजे बाहेरून केबिन तीच, नाव तेच, पण आतलं इंजिन दुसऱ्या घराण्यातलं. दोघांचा फिल्टर एकच असेल असं गृहीत धरणं म्हणजे आडनाव सारखं म्हणून चष्म्याचा नंबरही सारखा मानण्यासारखं आहे.

त्यात उत्सर्जनाचे नियम बदलले. देशभर बीएस-४ एप्रिल २०१७ पासून आणि बीएस-६ एप्रिल २०२० पासून लागू झालं. नियम बदलला की इंजिनात बदल होतात, कधी ऑइलचा प्रकार बदलतो, कधी ऑइल बदलण्याचं अंतर वाढतं. म्हणून एकाच मॉडेलची जुनी आणि नवी गाडी शेजारी उभी असली तरी फिल्टर वेगळा असू शकतो.

मग दुकानात काय सांगायचं? पुढच्या चार गोष्टी वहीत लिहून ठेवा, मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवला तरी चालेल.

१. इंजिनावरच्या पाटीवरचं मॉडेल आणि इंजिन नंबर.
२. आरसी बुकातला चेसिस नंबर.
३. गाडी तयार झाल्याचा महिना आणि वर्ष. हेसुद्धा आरसीवर असतं.
४. बीएस-३, बीएस-४ की बीएस-६.

जुनी गाडी घेतली असेल तर आणखी एक काळजी घ्या. आधीच्या मालकाने इंजिन बदललेलं असू शकतं. कागदावर एक आणि बॉनेटखाली दुसरं, असं व्हायला नको. इंजिनाच्या पाटीवरचा नंबर आरसीशी ताडून बघा.

दुसरी पायरी : पार्ट नंबर

इंजिन ओळखलं की मालकाच्या पुस्तिकेतून किंवा कंपनीच्या पार्ट कॅटलॉगमधून फिल्टरचा पार्ट नंबर काढा. हा नंबर म्हणजे फिल्टरचं आधार कार्ड समजा. नंबर पूर्ण लिहून घ्या, शेवटची अक्षरंसुद्धा. "मागचे दोन आकडे वेगळे आहेत, बाकी तोच आहे" असं दुकानदार म्हणाला तर तिथेच थांबा. काही वेळा कंपनी स्वतःच जुना नंबर बंद करून नवा देते आणि मग तो फरक बरोबर असतो. पण ते कॅटलॉगमध्ये "या नंबरऐवजी हा" असं लिहिलेलं सापडलं पाहिजे. तोंडी शब्दावर जाऊ नका.

दुसऱ्या कंपनीचा फिल्टर घेऊ नये का? जरूर घ्यावा, चांगल्या कंपन्या आहेत. प्रत्येक फिल्टर कंपनीकडे तुलनेचा तक्ता असतो, म्हणजे अमुक मूळ नंबरऐवजी आमचा तमुक नंबर. तो तक्ता फिल्टर बनवणाऱ्या कंपनीचा असावा आणि त्यात तुमच्या इंजिनाचं नावही असावं. एका कंपनीच्या नंबरवरून दुसरीचा, दुसरीच्या नंबरवरून तिसरीचा अशी साखळी लावत गेलात की चूक शिरते. कानगोष्टींच्या खेळात शेवटच्या मुलापर्यंत वाक्य कसं पोचतं ते आठवा!

जुन्या फिल्टरवरचा नंबर बघून नवा आणणं ही आपल्याकडची सर्वात रुळलेली पद्धत. पण जुनाच चुकीचा बसवलेला असेल तर? म्हणून निदान एकदा तरी पुस्तिकेवरून खात्री करा. मग पुढे तो नंबर वापरत राहा.

तिसरी पायरी : जुना आणि नवा शेजारी ठेवा

आता त्या मुलाच्या फिल्टरकडे परत येऊ. आम्ही दोन्ही डबे टेबलावर ठेवले आणि व्हर्निअर घेतला. बाहेरून दोन्ही जवळपास सारखेच होते. फरक होता आट्यांत.

जुन्याचे आटे इंची होते, पाऊण इंच व्यासाचे आणि एका इंचात १६. नव्याचे मेट्रिक होते, २० मिमी व्यासाचे आणि दीड मिलिमीटर पिचचे. लहान गाड्यांच्या फिल्टरमध्ये हे दोन्ही आटे खूप आढळतात आणि नेमके इथेच फसायला होतं. जरा गणित करू.

पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिमी. इंचात १६ आटे म्हणजे २५.४ भागिले १६, पिच १.५९ मिमी. मेट्रिक फिल्टरचं पिच १.५ मिमी. म्हणजे पिचमध्ये एका मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतकाही फरक नाही, म्हणून हाताला तो जाणवत नाही.

पण व्यास बघा. २० मिमीच्या फिल्टरमध्ये आतल्या आट्यांच्या माथ्यांचा व्यास सुमारे १८.४ मिमी असतो. योग्य २० मिमीचा स्टड त्यात बसला तर दोन्ही बाजूंना सुमारे ०.८ मिमी खोल पकड मिळते. १९.०५ मिमीचा स्टड बसला तर पकड उरते फक्त ०.३ मिमीच्या आसपास. निम्म्याहूनही कमी! म्हणून फिरवताना सैल वाटला आणि तरी शेवटी घट्ट झाला. उलट केलं असतं, म्हणजे २० मिमीच्या स्टडवर पाऊण इंची फिल्टर, तर तो चढलाच नसता. म्हणजे बघा, धोका न बसणाऱ्या फिल्टरचा नाही. धोका आहे तो बसल्यासारखा वाटणाऱ्या फिल्टरचा.

आता ही पकड किती भार सोसते? समजा, मोठ्या ट्रकच्या फिल्टरच्या रबरी सीलचा व्यास १० सेंटिमीटर आहे. त्याचं क्षेत्रफळ ३.१४ गुणिले ५ गुणिले ५, म्हणजे ७८.५ चौरस सेंटिमीटर. ऑइलचा दाब प्रत्येक चौरस सेंटिमीटरला ४ किलो धरू. दोन्हींचा गुणाकार ३१४ किलो. इतक्या जोराने ऑइल फिल्टरला इंजिनापासून दूर ढकलत असतं. कांद्याच्या ५० किलोच्या सहा गोण्या त्या आट्यांना लटकवल्या आहेत असं समजा. थंडीत सकाळी गाडी सुरू करताना ऑइल घट्ट असतं, तेव्हा दाब याहूनही वाढतो. मुलाच्या वडिलांची गाडी गारठ्याच्या पहाटेच का गळली, हे आता लक्षात आलं असेल.

म्हणून शेजारी ठेवून या गोष्टी तपासा :

आटे : व्यास आणि पिच दोन्ही. पिच गेज नसेल तर फिल्टर दोन-तीन फेरे हाताने फिरवा आणि कडेला हलवून बघा. डुगडुगला तर बसवू नका. थोडीशी मोकळीक असते, पण खडखड वाजेल इतकी नसते.

सीलचा व्यास आणि जाडी : नवा सील जुन्याइतकाच हवा. इंजिनावरच्या बैठकीच्या कडेबाहेर जाणारा किंवा तिच्या आतल्या खाचेत पडणारा सील दाबाला टिकत नाही.

उंची : आखूड फिल्टर अनेकदा व्यवस्थित बसतो. पण त्यात कागद कमी, म्हणजे घाण साठवायची जागा कमी. कंपनीने दिलेलं ऑइल बदलण्याचं अंतर मोठ्या फिल्टरच्या हिशोबाने असतं. आखूड फिल्टर त्याआधीच तुंबतो. फार लांब फिल्टरही नको, तो चेसिसला किंवा स्टेअरिंगच्या दांड्याला घासू शकतो.

चौथी पायरी : बाहेरून न दिसणाऱ्या गोष्टी

इथपर्यंत व्हर्निअरने काम झालं. पण फिल्टरच्या पोटात असं काही असतं जे बाहेरून मोजता येत नाही. पार्ट नंबरला इतकं महत्त्व का, याचं खरं उत्तर इथे आहे.

पहिली गोष्ट, बायपास व्हॉल्व्ह. ऑइल थंड आणि घट्ट असेल किंवा कागद तुंबला असेल तर ऑइल कागदातून पुरेसं जात नाही. अशा वेळी इंजिन कोरडं पडू नये म्हणून एक स्प्रिंगचा व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेलं ऑइल थेट पुढे सोडतो. घाण ऑइल परवडलं, पण ऑइलच नाही हे परवडत नाही, असा त्यामागचा विचार. आता गोम अशी की काही इंजिनांत हा व्हॉल्व्ह फिल्टरमध्ये असतो, तर काहींत इंजिनावरच्या फिल्टर हेडमध्ये. हेडमध्ये व्हॉल्व्ह असलेल्या इंजिनाच्या फिल्टरमध्ये तो नसला तरी चालतं. तोच फिल्टर, ज्या इंजिनाच्या हेडमध्ये व्हॉल्व्ह नाही अशावर चढवला तर तुंबल्यावर ऑइलला दुसरी वाट उरत नाही. कागद फाटतो किंवा पुढे ऑइल कमी पडतं. आणि व्हॉल्व्ह असला तरी तो किती दाबाच्या फरकाला उघडायचा हे इंजिनानुसार ठरलेलं असतं. स्प्रिंग हलकी असेल तर तो सारखा उघडत राहील आणि फिल्टर नावापुरताच उरेल.

दुसरी गोष्ट, ऑइल परत जाऊ न देणारा व्हॉल्व्ह. तोंडाच्या आत, कडेच्या छिद्रांमागे रबराची एक चकती दिसते, तीच ही. फिल्टर आडवा किंवा उलटा बसवलेला असेल तर गाडी बंद केल्यावर त्यातलं ऑइल खाली उतरून फिल्टर रिकामा होतो. सकाळी गाडी सुरू केली की आधी फिल्टर भरणार, मग इंजिनाला ऑइल मिळणार. तेवढे काही सेकंद बेअरिंग आणि टर्बो जवळजवळ कोरडे फिरतात. सकाळी सुरू करताना खडखड आवाज येतो आणि दिवा विझायला रोजच्यापेक्षा वेळ लागतो, हे त्याचं लक्षण. स्वस्त फिल्टरमध्ये ही चकती कडक होते किंवा मुळात नसतेच.

तिसरी गोष्ट, कागद. खोक्यावर "१० मायक्रॉन" लिहिलेलं असतं आणि आपण खूश होतो. पण १० मायक्रॉनचे किती कण अडवतो? निम्मे अडवणाराही तसं लिहू शकतो. म्हणून याचं मोजमाप बीटा या आकड्यात करतात. फिल्टरच्या आधी अमुक आकाराचे किती कण होते भागिले नंतर किती उरले, तो बीटा. बीटा २ म्हणजे दोनातला एक अडला, ५० टक्के. बीटा २० म्हणजे ९५ टक्के. बीटा ७५ म्हणजे जवळजवळ ९८.७ टक्के. ऑइल फिल्टरच्या या चाचणीसाठी आयएसओ ४५४८-१२ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे.

मग सगळ्यात बारीक कागदाचा फिल्टर घ्यावा का? नाही. चहाची गाळणी बदलून तिथे जाड फडकं लावलं तर चहा स्वच्छ येईल, पण येईल थेंब थेंब. तसंच बारीक कागद ऑइलला जास्त अडवतो, लवकर तुंबतो आणि बायपास लवकर उघडतो. इंजिन बनवणाऱ्याने या दोन्हींचा मेळ घालूनच फिल्टर ठरवलेला असतो.

चौथी गोष्ट मोठ्या इंजिनांची. काही फिल्टरमध्ये एकाच डब्यात दोन भाग असतात. एकातून सगळं ऑइल जातं, तर दुसऱ्यातून थोडंसंच ऑइल संथपणे जाऊन अगदी बारीक गाळलं जातं. अशा ठिकाणी बाहेरून सारखा दिसणारा साधा, एकाच भागाचा डबा चढवला तर गाडी चालेल, दिवाही लागणार नाही. पण बारीक गाळण्याचं काम बंद पडलेलं असेल आणि ते तुम्हाला कळणारही नाही.

काही इंजिनांत डबा नसतो, घरात बसवायचं नुसतं कागदी काडतूस असतं. तिथे उंची आणि दोन्ही टोकांचे सील तपासा. काडतूस आखूड असेल तर टोकाशी फट राहते आणि ऑइल कागदाला वळसा घालून निघून जातं. सोबत आलेली ओ-रिंग न चुकता बदला, जुनी "अजून चांगली आहे" म्हणून ठेवू नका.

पाचवी पायरी : खरा की नकली?

नंबर बरोबर, पण माल डुप्लिकेट असेल तर सगळी मेहनत वाया. खोकं हातात घेऊन बघा. आपल्याकडे पाकीटबंद मालावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, एमआरपी, तयार केल्याचा महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क छापणं कायद्याने बंधनकारक आहे. यातलं काही नसेल, छपाई पुसट असेल, खोक्यावरचा आणि डब्यावरचा नंबर जुळत नसेल तर तो घेऊ नका. क्यूआर कोड असेल तर मोबाईलवर तपासा. तोंडातून आत डोकावून रबरी चकती आहे का, छिद्रं स्वच्छ कापलेली आहेत का ते बघा. आत धातूचा कीस दिसला तर तो फिल्टर स्वतःच इंजिनाचा शत्रू!

पक्कं बिल घ्या. उद्या इंजिनाची वॉरंटी मागायची वेळ आली तर कुठला फिल्टर केव्हा बसवला याचा तोच पुरावा. आणि रिकामं खोकं फाडूनच टाका. चांगलं खोकं नकली माल भरायला वापरलं जाऊ शकतं.

बसवताना

योग्य फिल्टरही चुकीचा बसवला तर गळतो.

- जुना फिल्टर काढल्यावर त्याचा सील फिल्टरसोबत आला का ते बघा. कधी तो इंजिनाला चिकटून राहतो. त्यावर नवा चढवला की एकावर एक दोन सील होतात आणि दाब येताच गळती सुरू होते.
- बैठक स्वच्छ कपड्याने पुसा. कापूस किंवा धागे सुटणारं फडकं नको.
- नव्या सीलला ऑइलचं बोट फिरवा.
- फिल्टर आधी भरून बसवायला पुस्तिकेत सांगितलं असेल तर नवं, स्वच्छ ऑइल कडेच्या छोट्या छिद्रांतून ओता. मधल्या छिद्रातून ओतलं तर ते न गाळता थेट बेअरिंगकडे जातं. सुरुवातीला चित्र डोक्यात ठेवायला सांगितलं होतं, ते यासाठी.
- सील टेकेपर्यंत हाताने फिरवा, मग खोक्यावर लिहिलंय तेवढंच आवळा. बऱ्याच फिल्टरना टेकल्यानंतर साधारण पाऊण फेरा सांगितलेला असतो. पट्टा पाना काढण्यासाठी आहे, आवळण्यासाठी नाही.
- सुरू केल्यावर रेस करू नका. दिवा विझेपर्यंत गाडी आयडलवर ठेवा. कडेने बोट फिरवून गळती बघा. मग बंद करून थोडा वेळ थांबा आणि काडी काढून ऑइलची पातळी बघा. फिल्टरने पोटात ऑइल घेतलेलं असतं, तेवढं वर टाकावं लागतं.

वाटेत योग्य फिल्टर मिळालाच नाही तर?

हा प्रश्न त्या मुलाच्या वडिलांनीच विचारला, आणि तो अगदी रास्त आहे. समजा, लासलगावहून कांदा भरून गाडी इंदूरकडे निघाली आहे. ऑइल बदलायची वेळ झाली आहे. पळासनेरजवळ एका दुकानात "साधारण असाच" फिल्टर मिळतोय आणि पुढे बिजासन घाट चढायचा आहे. काय कराल?

जुना फिल्टर योग्य नंबरचा असेल, गळत नसेल आणि ऑइलचा दाब ठीक असेल, तर तोच ठेवून पुढे जा आणि योग्य फिल्टर मिळाला की पहिल्यांदा तो बदला. मुदत थोडी ओलांडलेला योग्य फिल्टर हा नव्या पण चुकीच्या फिल्टरपेक्षा कमी धोक्याचा. मात्र जुना गळत असेल किंवा दिवा लागत असेल तर गाडी हलवायची नाही. माल उशिरा पोचला तर एका खेपेचं नुकसान होतं. घाटात इंजिन सीज झालं तर खर्च हजारांत नाही, लाखांत जातो.

यावर सोपा उपाय एकच. योग्य नंबरचा एक फिल्टर खोक्यासकट केबिनमध्ये कायम ठेवा, जशी स्टेपनी ठेवता तसा.

काढलेला फिल्टर फेकण्याआधी

शक्य असेल तर जुना डबा कापून आतला कागद उलगडून बघा. करवतीने कापला तर तिचाच कीस आत पडतो, म्हणून फिल्टर कापायचं कटर वापरा. घड्यांमध्ये लोहचुंबकाला चिकटणारे कण दिसले तर लोखंडी भाग झिजतो आहे. पिवळसर, तांबूस चमक दिसली तर बेअरिंगकडे लक्ष द्या. इंजिनाचा रिपोर्ट काहीही पैसे न देता असा हातात मिळतो. जळकं ऑइल मात्र गटारात किंवा मातीत ओतू नका. २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडतं. डब्यात साठवून अधिकृतपणे गोळा करणाऱ्यालाच द्या.

थोडक्यात

इंजिन ओळखा, पार्ट नंबर काढा, जुना-नवा शेजारी ठेवून मोजा, खोकं तपासा, मग हाताने बसवा. आटे बसणं ही योग्य फिल्टरची अनेक अटींपैकी एक अट आहे, एकमेव अट नाही. त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर हेच.

त्याच्या वडिलांनी आता केबिनच्या दरवाज्याच्या आतल्या बाजूला पार्ट नंबर रंगाने लिहून घेतलाय. दुकानात गेले की गाडीचं नाव सांगत नाहीत, तो नंबर दाखवतात.

स्वाध्याय

१. सीलचा व्यास ८ सेंमी आणि ऑइलचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ५ किलो असेल तर फिल्टरवर किती किलोचा जोर येईल?
२. फिल्टरच्या आधी २० मायक्रॉनचे ४०० कण आणि नंतर २० कण मोजले. बीटा किती? किती टक्के कण अडले?
३. घरच्या किंवा ओळखीच्या एका ट्रकचं इंजिन मॉडेल, तयार झाल्याचं वर्ष आणि पुस्तिकेतला फिल्टर नंबर लिहून आणा. सध्या बसवलेल्या फिल्टरवरचा नंबर त्याच्याशी जुळतो का?

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे बरं का! नंबर जुळला नाही तर आधी घरी सांगा, मग वहीत लिहा.